गोडबोल्याला परत आणू नये

प्रिय धाकट्या,

दवाखान्यातून तुला घरी आणलं त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या तू मला विचारलंस, "ताई, गोडबोल्या परत येणार का गं?" मी खिडकीबाहेर बघत "बघू" म्हटलं. तुझी बायको म्हणाली, "बघा ताई, खांदा मोडलाय, छातीत अजून धूर आहे, आणि यांना काळजी कुणाची, तर तुमच्या खलनायकाची." आपण तिघंही हसलो आणि विषय तिथेच राहिला. त्याला आता सात आठवडे झाले. त्या प्रश्नाचं उत्तर आज लिहायला बसले आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच काहीतरी चावटपणा करतोस, मला हसू येतं आणि सांगायचं ते राहून जातं. पत्राचं बरं असतं. समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही.

आज सुट्टी आहे. खालचा छापखाना बंद, त्यामुळे टेबल हलत नाही. एरवी यंत्र सुरू झालं की माझ्या अक्षराला हिवताप भरतो, हे तुला माहीत आहेच. तुझ्या पाळ्यांमुळे मालिकेचे निम्मे भाग तुझे बुडतात आणि तू ते कबूल करत नाहीस, म्हणून मी पहिल्यापासून सांगते. माहीत असलेलं पुन्हा ऐकावं लागलं तर राग मानू नकोस.

रोज संध्याकाळी सव्वासातला रेडिओवर माझी मालिका लागते, तिला अकरा वर्षं झाली. एक घर, घरात सहा माणसं, आणि त्या सहांच्या मानेवर बसलेला एक थोरला काका. ऐकणाऱ्यांनी त्याचा गोडबोल्या केला, कारण तो कधी आवाज चढवत नाही. घरी येतो, नळ सोडतो, हात धुतो, नळ बंद करतो. मग पाच सेकंद काहीच ऐकू येत नाही, कारण तो टॉवेलने एकेक बोट पुसत असतो. आणि मग अगदी हळू, लोण्यासारख्या आवाजात विचारतो, "बोला. आज कोण चुकलं?" मग कुणीतरी पुढे येऊन काहीतरी कबूल करायचं, चूक केलेली असो वा नसो. कुणीच पुढे आलं नाही तर तो रागावत नाही. फक्त जेवायला बसत नाही, आणि तो बसला नाही की कुणीच बसायचं नाही. लोक त्या पाच सेकंदांना घाबरायचे. आमचा ध्वनिमुद्रण करणारा म्हणायचा, काहीच न वाजवल्याबद्दल शाबासकी मिळवणारा मी जगातला पहिलाच असेन.

गोडबोल्याला आवाज देणारा माणूस म्हणजे डोळ्यांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत थेंब घालतो आणि "वर बघा, झालं हं, झालं" म्हणतो. त्याच आवाजात संध्याकाळी लोकांचा थरकाप उडवायचा. एका आजीबाईंनी त्याच्याकडून थेंब घालून घ्यायला साफ नकार दिला होता. म्हणाल्या, हा मेला माझा उरलेला डोळाही घालवेल.

गेल्या हिवाळ्यात मी गोडबोल्याला मारलं. घरातली सहाही माणसं एकेक करून निघून गेली होती. तो संध्याकाळी आला, हात धुतले, बोटं पुसली आणि रिकाम्या घराला विचारलं, "बोला. आज कोण चुकलं?" कुणी बोललं नाही. त्याने पुन्हा विचारलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि बस. दुसऱ्या दिवशीच्या भागात मी डॉक्टर आणला, त्याने नाडी पाहिली. शेजारी आणले, त्यांनी चेहरा ओळखला. दाखला लिहून घेतला, आणि मग सहाही जणांना घरी परत आणलं. आमच्या धंद्यातल्या लबाड्या मला ठाऊक आहेत ना. दरीत कोसळला, नदीत वाहून गेला, प्रेत काही सापडलं नाही, असं लिहायचं म्हणजे मागचं दार नुसतं लोटून ठेवायचं. मी पुढची मागची सगळी दारं कड्या घालून बंद केली. मेला म्हणजे मेला.

मग पत्रांचे गठ्ठे यायला लागले. गोडबोल्याला परत आणा. कुणी गोडीत, कुणी दमात. एका गृहस्थांनी लिहिलं, "तो गेल्यापासून त्या घरातली चांगली माणसं नुसता चहा पितात." खोटं नव्हतं ते. मी मागचे भाग काढून वाचले, तर खरंच, कुणीतरी आधण ठेवतंय आणि कुणीतरी कपबशा विसळतंय. केंद्राच्या साहेबांनी बैठक बोलावली. एकाने सुचवलं, जुळा भाऊ आणा. दुसरा म्हणाला, डॉक्टर फितूर निघू दे. तिसऱ्याने तर सगळंच थोरल्या सुनेचं स्वप्न होतं असं करून टाकलं. मी म्हटलं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तुम्ही तर मेल्यावरही जाऊ देत नाही. साहेब उसासा टाकून म्हणाले, "बाई, तुम्ही त्याला फार प्रामाणिकपणे मारलंत, तिथेच घोळ झाला."

माझं मत तेव्हाही पक्कं होतं. गोष्टीतलं मरण म्हणजे लिहिणाऱ्याने त्या घरातल्यांना दिलेला शब्द. आता तो येणार नाही, आता मोकळ्या मनाने जेवा. थोरली सून नऊ वर्षांनी स्वयंपाकघरात मोठ्याने गाणं म्हणते, असा एक भाग मी लिहिला होता. उद्या तोच माणूस खिडकीतून डोकावला, तर ते गाणं तिच्या घशात परत ढकलल्यासारखं होईल. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं पत्र आलं होतं, ते मी जपून ठेवलंय. त्यांनी लिहिलंय, "आमचा माणूस जाऊन सहा वर्षं झाली. पण तो खरोखर गेला असं मला गोडबोल्या मेला त्या संध्याकाळी वाटलं. मशीन थांबवून बसून राहिले. मेहेरबानी करा, उठवू नका."

आणि तरी माझं पक्कं मत एका माणसाने हलवलं. तो म्हणजे आपला कंपाउंडर. एका रविवारी बिस्किटाचा पुडा घेऊन घरी आला. मला वाटलं, काम गेलं म्हणून गळ घालायला आला असेल. त्याने तसं काही केलं नाही. म्हणाला, "आणा किंवा नका आणू, तुमची मर्जी. पण आणलंत तर त्याला रडत माफी मागायला लावू नका. तसला गोडबोल्या मला जमायचा नाही." चहा झाला, गप्पा झाल्या, आणि जिन्यात चपला घालता घालता तो म्हणाला, "खरं सांगू का बाई, तुम्ही त्याला सोडून दिलंत. मेला, सुटला. तू स्वतः कधी चुकलास, हे त्याला कुणी विचारलंच नाही." तो गेला, आणि मी कपबशा विसळायला घेतल्या. खलनायकाला मारणं म्हणजे शिक्षा, असं मी समजून चालले होते. कदाचित ती मी माझी करून घेतलेली सुटका असेल, असं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी ते पत्र आलं. रेघांच्या कागदावर चारच ओळी होत्या. अक्षर डावीकडे कललेलं, आणि त्यात आता कापरं शिरलेलं. "गोडबोल्याला परत आणू नये. त्या घरातली माणसं आता मोठ्याने बोलतात. ऐकायला बरं वाटतं. एक श्रोता." खाली नाव नव्हतं, पण पाकिटाच्या मागे पत्ता होता, एका वृद्धाश्रमाचा. मी ते पत्र हातात धरून केंद्राच्या कचेरीत बाकावर बसले. शिपायाने पाणी आणून दिलं. ते अक्षर मी चौदा वर्षांची होईपर्यंत रोज बघत होते. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही त्याच अक्षरात असायची.

धाकट्या, आता जे लिहिते ते बसून वाच. बायको घरात असेल तर तिला जवळ बोलव.

बाबा आगीत गेले नाहीत. बाबा गेलेच नाहीत. ते जिवंत आहेत, एकोणऐंशी वर्षांचे आहेत, आणि ते पत्र त्यांचं होतं.

गोडबोल्या मी माझ्या मनाने रचलेला नाही. आपल्या घरात, तू पाच वर्षांचा होईपर्यंत, संध्याकाळी बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून यायचे, नळाखाली हात धुवायचे, एकेक बोट पुसायचे, आणि विचारायचे. मी कबूल करायची, नाहीतर आई करायची. एकदा आईने न केलेल्या सात चुका कबूल केल्या होत्या, कारण तुला भूक लागली होती. त्यांनी कधी हात उचलला नाही. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं काय? आमचे बाबा हळू बोलतात, हे? तुला त्यांनी कधी विचारलं नाही. तुला ते खांद्यावर घ्यायचे आणि तू छताला हात लावायचास. तुला तेवढंच आठवतं आणि ते खरं आहे. त्यातलं काही मी काढून घेणार नाही.

एका संध्याकाळी त्यांनी विचारलं आणि आई म्हणाली, "आज तुम्ही चुकलात." इतकंच. तिचा आवाजही चढला नव्हता. बाबांनी टॉवेल घडी करून दांडीवर टाकला, चपला घातल्या आणि निघून गेले. पहिला आठवडा आम्ही दोघी धास्तीत होतो की ते परत येतील. दुसऱ्या आठवड्यात आई जेवताना मोठ्याने हसली, आणि दचकून दाराकडे बघितलं. ते आलेच नाहीत. आपण घर बदललं, गाव बदललं, इथे छापखान्याच्या वर दोन खोल्यांत आलो. पण तू रोज संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून विचारायचास, "बाबा कधी येणार?" आई म्हणायची, येतील. तू पुन्हा बसायचास. आठ महिने हे चाललं होतं. एका संध्याकाळी आई इस्त्री करत होती, तू विचारलंस, आणि तिच्या आधी मीच बोलून गेले. "ते येणार नाहीत. ते वारले."

तू आ वासून माझ्याकडे बघितलंस. आईने मान वर केली नाही, फक्त इस्त्री उचलून बाजूला ठेवली. तुला रडून रडून झोप लागल्यावर तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "सांगितलंस ते सांगितलंस. आता बदलू नकोस. पोराला एकदाच रडू दे." मला वाटलं, संपलं. पण सकाळी उठून तू विचारलंस, "कसे वारले?" आणि धाकट्या, लेखिका म्हणून माझं पहिलं काम तिथे सुरू झालं. मी म्हटलं, आगीत. तू विचारलंस, कुठे? मी म्हटलं, दुसऱ्या गावी, कापसाच्या गोदामात. ते आत काय करत होते? मी म्हटलं, अडकलेल्यांना बाहेर काढत होते. किती जणांना? दोन. एक रखवालदार आणि एक कामवाली बाई. मग? मग ते तिसऱ्यांदा आत गेले, आणि आले नाहीत. मग तुझा चेहरा बदलला. तू शाळेत गेलास आणि सगळ्यांना सांगितलंस. त्या दिवसापासून तू जिन्यावर बसला नाहीस.

खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. मी रेटलं. तू विचारत गेलास आणि मी भरत गेले. दरवर्षी त्या गोष्टीत एखादी खिडकी वाढायची, एखादी हाक वाढायची. ज्या माणसाला मी घाबरत होते, त्याला मी मारलं, आणि मारता मारता त्याला असा काही थोर करून ठेवला की तो तुझ्यासमोर परत येऊच शकला नसता. तू अग्निशमन दलात भरती झालास तेव्हा आईने तुला मिठी मारली आणि तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. नंतर एकदा तू म्हणालास, "ताई, मी त्या आगीची नोंद शोधली, त्या वर्षाची रजिस्टरं सापडत नाहीत." मी म्हटलं, जुनी कागदपत्रं कोण ठेवतंय. तेव्हा सांगता आलं असतं. आई गेली, त्यालाही आता सहा वर्षं झाली. तेव्हाही सांगता आलं असतं. मी तोंडात गुळणी धरून बसले.

पत्र आल्यावर पाचव्या दिवशी मी तिकडे गेले. दोन बस बदलाव्या लागतात. लांब ओसरी आहे, ओसरीत बाकं आहेत, आणि आपल्या घरात एवढा मोठा दिसणारा माणूस एका बाकाच्या कोपऱ्यात मावला होता. मांडीवर रेडिओ. जेवणाची वेळ झाली होती. तिथल्या मदतनीस बाई भांड्यात पाणी घेऊन आल्या, त्यांनी बाबांचे हात धुतले आणि टॉवेलने एकेक बोट पुसलं, कारण त्यांचे हात आता फार थरथरतात. मी फाटकापाशी उभी राहून ते बघत होते. मग जवळ गेले आणि तोंडातून निघालं, "बोला. कोण चुकलं?" त्यांनी वर बघितलंही नाही. म्हणाले, "मी." मी म्हटलं, "एवढंच?" तेव्हा त्यांनी बघितलं. "माझ्याकडे एवढाच शब्द आहे. जास्तीचे तुझ्याकडे असतील, लिहितेस तू." मालिकेच्या शेवटी लेखिकेचं नाव सांगतात ना. पहिल्या वर्षीच त्यांनी ते ऐकलं होतं. म्हणजे हा माणूस अकरा वर्षं रोज सव्वासातला बसून स्वतःला ऐकत होता, आणि त्याने एकदाही रेडिओ बंद केला नाही. ही शिक्षा मी दिलेली नव्हती, त्यांनी आपली आपण घेतली होती. म्हणून मी त्यांना माफ केलं, असं समजू नकोस. केलेलं नाही. होईल की नाही, माहीत नाही. मी महिन्यातून एकदा जाते, बाकावर बसते, बिस्किटं देते, परत येते.

त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. मी सांगितलं, अग्निशमन दलात आहे, अधिकारी झालाय. ते हसायलाच लागले, खोकला येईपर्यंत. "आगीत? आपला धाकटा?" मग मलाही आठवलं. बाबा विस्तवाला इतके भ्यायचे की शेगडी कधी पेटवायचे नाहीत. काडी ओढायची वेळ आली की मान मागे घेऊन आईच्या हातात काडेपेटी द्यायचे. आणि असल्या माणसाला मी कापसाच्या गोदामात धाडलं होतं. मग मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, रखवालदार, कामवाली, खिडक्या, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते, मालिका ऐकावी तसे. शेवटी म्हणाले, "तिसऱ्यांदा? मी तर पहिल्यांदाही आत गेलो नसतो गं. रस्ता ओलांडून पलीकडे गेलो असतो." आणि थोड्या वेळाने, "त्याला सांगू नकोस. त्याला बरा बाप मिळालाय. राहू दे त्याच्यापाशी." मी मान डोलावली. खरं सांगते, मला ते सोयीचंच होतं. बाबांची इच्छा म्हणून गप्प राहायचं, यात माझी लाजही झाकली जात होती.

मग तुझ्या बायकोचा फोन आला.

त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐक. तीन दिवस तुझ्या तोंडावरचं ते प्राणवायूचं झाकण बघत मी खुर्चीत बसले होते. चौथ्या दिवशी ते काढलं. तुझा आवाज घोगरा झाला होता. तू म्हणालास, "ताई, दोनदा बाहेर आलो होतो गं. म्हाताऱ्याला काढलं, त्याच्या सुनेला काढलं. आमचे साहेब म्हणाले, आत आता कुणी नाही, जिना जाणार आहे, बाहेर राहा. पण मला वाटलं, बाबा थांबले नसते." आणि तू हसलास. आत खरंच कुणी नव्हतं. तू तिसऱ्यांदा गेलास आणि जिना कोसळला. मी तुझ्या अंगावरची चादर नीट करत राहिले. एकोणचाळीस वर्षं तुझ्या प्रत्येक प्रश्नाला मी काहीतरी उत्तर शोधून दिलं. त्या दिवशी तू काही विचारलं नव्हतंस, आणि मी उठून तुझ्यासाठी पाणी आणायला गेले.

मालिकेचं सांगायचं राहिलं. मी केंद्राच्या साहेबांना नाही म्हणून आले. त्यांनी दुसऱ्या लेखकाला विचारलंय, तो जुळा भाऊ आणणार आहे म्हणे. आणू दे. कंपाउंडरने मला विचारलं, करू का? मी म्हटलं, जरूर करा, तुमची कला आहे. गोष्टीत मेलेल्याला उठवू नये, या मताची मी आजही आहे. पण बाबांना मी मारलं ती गोष्ट नव्हती रे. ती एका घाबरलेल्या मुलीने मारलेली थाप होती, आणि थापेतल्या माणसाला उठवलं नाही तर ती दुसऱ्या कुणाचा तरी जीव मागते, हे मी दवाखान्यात बसून पाहिलं. बाबांना भेटायचं की नाही, ते तू ठरव. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जाणार आहे. तुला यायचं असेल तर आपण बरोबर जाऊ. नसेल तर मी कधी विचारणार नाही. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, आईवर नको. तिने त्या संध्याकाळी फक्त इस्त्री बाजूला ठेवली होती.

तुझ्या बायकोने काल कळवलं की डॉक्टरांनी परवानगी दिली आहे आणि सोमवारी तू कामावर हजर होणार आहेस. म्हणून आजच लिहिलं, आणि उद्या सकाळी ती इथे येते आहे तेव्हा तिच्याच हाती देते, म्हणजे टपालात अडकायला नको. त्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या सुनेला तू बाहेर काढलंस. आजवर जितकी माणसं काढलीस, ती तू काढलीस. कुणाचं बघून नाही, कारण बघण्यासारखं कुणी नव्हतंच. ते धाडस कुठून आलं मला माहीत नाही. ते तुझंच आहे. पण धाकट्या, साहेब बाहेर ये म्हणाले की बाहेर ये. आपल्या घरातलं कुणी कधी तिसऱ्यांदा आत गेलेलं नाही.

तुझ्याशी खोटं बोललेली, आणि तरीही तुझीच,
ताई